माकडखाऊ, उंदीरखाऊ

रानरेड्यानं पहिल्या धडकेत जेरेला उचललं, दुसऱ्या धडकेत खाली आपटलं, आणि मुसोंडा बंदूक खांद्याला लावून तसाच उभा राहिला.

बोट चापावर. समोर रेड्याचा खांदा, झोपडीच्या दाराएवढा. चुकणं शक्यच नव्हतं.

"मार!" जेरे ओरडला. "मुसोंडा, मा—"

शिंग बरगडीखालून आत गेलं. रेड्यानं मान झटकली. मांस फाटल्याचा आवाज ओलं कापड फाटावं तसा आला. जेरे पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

आता.

मुसोंडानं गोळी झाडली. रेडा गुडघ्यांवर बसला. बिर्थबाई वारुळामागे तोंड गुडघ्यात खुपसून बसली होती, वाटाड्या जेरेनंच शिकवल्याप्रमाणे. तिनं काही पाहिलं नाही. ती डेन्मार्कहून जंगल फिरायला आलेली पाहुणी.

कोणीच पाहिलं नाही.

*

त्याच सकाळी, तळावर. बोरूच्या भिंती, गवताची छपरं, कुठे खिळा नाही. पावसाळा लागायच्या आत सगळं उपटायचं आणि नदीकाठ होता तसा करून ठेवायचा. बिर्थबाई टांगलेल्या बादलीखाली आंघोळ करत होती आणि बोरूपलीकडून तिला जेरे आणि मुसोंडा ऐकू येत होते.

"उंदीरखाऊ, तुझ्या चहात शेपटी तरंगतेय बघ."

"तुझ्या काकाची असेल, माकडखाऊ. काल झाडावर भेटला. तुझी चौकशी करत होता."

"आज तुला सिंहापुढे टाकतो."

"टाक. तुला हुंगून तो कालच उपाशी निघून गेला."

बाईनं ओल्या केसांनी स्वयंपाकाचा मांडव गाठला. जेरेची बायको टिल्येंजी मक्याची उकड घोटत होती.

"हे दोघं एकमेकांचा जीव घेतील," बाई म्हणाली.

"छे हो, बाई. आम्ही न्गोनी जमातीचे, मुसोंडादादा बेंबा; पूर्वी या दोन जमाती भाल्यांनी भोसकायच्या एकमेकांना. आता तोंडानं भोसकतात. जितकं वाईट बोलेल तितका जवळचा. आमच्याकडे कुणी मेलं की रडायला आम्ही, आणि मेलेल्याची टिंगल करायला बेंबा. त्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. घेतलं तर आपलीच शोभा."

*

तीच सकाळ, पाणवठा. दोघंच.

"आता थट्टा नाही," जेरे म्हणाला. "तळाच्या गोळ्या तू हत्ती मारणाऱ्यांना देतोस. मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत मालकाला तू सांग. नाहीतर मी सांगतो."

"उंदरं खाऊन डोळे गेलेत तुझे."

"मुसोंडा. तुरुंगात तुझ्या पोरांना मी घेऊन येईन भेटायला. पण सांग."

मुसोंडा हसला. जेरे हसला नाही.

*

तळावरून दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये मुसोंडा पुढे बसला, बंदूक मांड्यांत धरून. मागे टिल्येंजीच्या मांडीवर जेरेचं डोकं. इंजिनाच्या गुरगुरीत मागचं काही ऐकू येत नव्हतं. गावाच्या अलीकडे तिनं छपरावर थाप मारली. जीप थांबली.

"गेला," ती म्हणाली.

"काही... काही बोलला?"

"तोंडातून रक्त येत होतं, दादा. शब्द कुठून येणार?"

मुसोंडानं कपाळ पुसलं. हात लाल झाला. रक्त कुणाचं ते त्यानं पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बिर्थबाई विमानानं गेली आणि दुपारी गाव कबरीशी जमलं. जेरेची शवपेटी झाडाच्या सावलीत. मुसोंडा आला नसता तरच लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. तो आला. जेरेची टोपी घालून, जेरेसारखा फेंगडा चालत.

"रडता काय, उंदीरखाऊंनो? गावातले उंदीर बघा, नाचतायत!"

रडता रडता बाया हसल्या. जेरेचा थोरला भाऊ योतामही हसला. मुसोंडानं खड्ड्यात उडी मारली आणि हातपाय पसरून आडवा झाला.

"बुटक्यासाठी एवढी जागा? ही माझी! दोन कोंबड्या दिल्याशिवाय उठत नाही!"

"तुला कोंबडी कशाला?" योताम वरून म्हणाला. "माकड भाजून देतो."

हशा. मुसोंडाला कालचं ते आत ठेवता येत नव्हतं. इथे ते टाकता येणार होतं. इथे काहीही बोललं तरी चालतं.

"ऐका! याला मीच मारलं! बंदूक भरलेली, रेडा समोर! मी म्हटलं, घाई कशाला, आधी त्याचं होऊ दे!"

गाव खदखदून हसलं. एक म्हातारा काठीवर वाकून खोकायला लागला. मुसोंडाचे डोळे भरून आले, इतकं हलकं वाटलं. बोललं. सगळ्यांनी ऐकलं. आणि कुणीच ऐकलं नाही.

टिल्येंजी काठाशी आली.

"दादा, नीट झोपता येतंय ना? पाय पुरतात?"

"आखूड आहे गं!"

"मग दुमड."

तिनं मूठभर माती टाकली. त्याच्या तोंडावर. तो थुंकला, हसला. योतामनं फावडं उचललं. माती गुडघ्यांवर आली. मग पोटावर. हशा वाढला.

"अरे पुरे! सदरा नवा आहे!"

दुसरं फावडं. तिसरं. तो उठायला गेला तर पेटी वाहायचा वासा वरून छातीवर येऊन टेकला. दोघांनी धरलेला.

"दोन कोंबड्या नकोत, एकच द्या! योताम! ए उंदीर—"

"जीपमध्ये तो बोलला होता, दादा," टिल्येंजी म्हणाली. वासा दाबला गेला. आत काहीतरी कडकन मोडलं.

वर आधी हसणं थांबलं. फावडी चालूच राहिली.