चैतातलं जांभूळ

पाक कढईला लागायला लागला तशी सुभद्रानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

गेल्या जेठातली जांभळं. एकच बरणी उरलेली. वर थोडी खडीसाखर, दोन लिंबं. एरवी ती कलईच्या पातेल्यात पाक करायची. आज कढई लोखंडाची होती. लोखंडात जांभूळ शाईसारखं होतं आणि लागेल तिथं दिवसभर राहतं. तिनं करंगळीचं टोक बुडवलं, धुतलं, राखेनं घासलं, पुन्हा धुतलं.

रंग होता तिथंच होता.

वलगावच्या आमराईत कापसाच्या साहेबाचा तंबू पडून दोन महिने झाले होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद, म्हणून हा अमरावती सोडून गावोगाव फिरत होता. दुपारी त्याला गार काहीतरी लागे. कैरीचा पाक, कवठाचा, असेल तो. खानसामा त्यात ब्रांडी ओतायचा, लिंबू पिळायचा आणि सुरई सोऱ्याच्या पाण्यात बुडवून गार करायचा. पाक सुभद्राचा. पुढचं तिचं काही नाही. माळ्यांची ही वस्ती महानुभाव पंथाची. दारूचा थेंब चालत नसे. पंचांनी तिला पाकापुरतीच मोकळीक दिली होती.

आणि आता वस्तीत बोभाटा झाला होता की आपल्यातलाच कोणी साहेबाच्या सुरईतलं पिऊन राहिला.

नवऱ्याचा चुलतभाऊ जानराव चारचौघांत म्हणाला होता, ज्या घरातून पाक जाते त्याच घरात दारू येते. आज दिवस मावळायच्या आत पंच बसायचे होते. घर वाळीत पडलं की लेकीचं, लीलाचं, लग्न मोडणार. लग्नाला अकरा दिवस होते. लीला अंगणात कुरड्या घालत होती, आणि तिला यातलं सगळं ठाऊक असावं, कारण ती गाणं म्हणत नव्हती.

सुभद्राचा संशय जानराववरच होता. त्याच्या वावराची वाट तंबूमागून जाई. दुपारचे त्याचे डोळे तांबडे असत. काल ती स्वतः खानसाम्याकडं गेली. तो म्हणाला, रोज दोन पेले कमी भरतात खरे. कोण येतं? त्यानं सुरईवर झाकण ठेवलं.

"तुम अपना पाक बनाओ, बाई."

बरं. मग पाकच सांगेल.

(पाक दुहेरी फडक्यातून गाळावा. पिळू नये. फडकं लगेच लपवावं.)

पाक साहेबाकडं पोचवायचं काम सहदेवचं, तिच्या नवऱ्याचं. कढईची गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. भोळा माणूस. जानरावसमोर बोलून बसला असता.

"आज कायचा?" त्यानं विचारलं.

"जांभळाचा."

"राहिलं होतं?"

"एक बरणी."

"साहेबाचं नशीब," सहदेव म्हणाला. लू लागू नये म्हणून त्यानं रोजच्यासारखा एक कांदा खाल्ला, एक दुपट्ट्यात बांधला आणि चरवी उचलली.

तो परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोंडाडोक्याला दुपट्टा, नुसते डोळे उघडे. त्या उन्हात सगळेच तसे फिरत. साहेबानं घेतलं का, तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली. जानराव दिसला होता तिकडं? त्यानं खांदे उडवले आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. भाकर तशीच राहिली. बाप माणूस, तिला वाटलं. पोरीच्या काळजीनं गळा दाटला असेल.

"लीलाचं लगन मोडू देत नाही मी," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

पाठ हलली नाही.

मठाच्या ओट्यावर पुरुष जमले. बाया खाली, पदर ओढून. पंचांचे मुख्य खुशालराव. त्यांनी जानरावला बोलू दिलं. जानराव बराच वेळ बोलला. रिद्धपूरला घेतलेल्या, दारूला न शिवण्याच्या शपथेची आठवण त्यानं दोनदा करून दिली. सहदेव खांबाला टेकून बसला होता. तुझं काय म्हणणं, असं विचारल्यावर त्यानं बायकोकडं बोट दाखवलं. त्यावर कोणीतरी हसलं.

सुभद्रा उठली. पदर सोडला नाही, पण आवाज ओट्यावर पोचला.

"मामाजी, चैतात कोणाच्या झाडाले जांभूळ लागते?"

"कोणाच्याच नाही."

"आज साहेबाच्या सुरईत जांभूळ होतं. लोखंडाच्या कढईतलं. ज्यानं तोंड लावलं त्याची जीभ उद्यापर्यंत धुतली जात नाही." तिनं आपली करंगळी वर केली. "सगळ्याईच्या जिभा पाहा. जांभळी निघन त्याचं घर टाका वाळीत. मंग कोणाचंबी असो."

खुशालरावांनी पंचांकडं पाहिलं. पंच कबूल झाले.

"ठरलं," ते म्हणाले. "मंग मागं फिरता येणार नाही, पोरी."

"नाही फिरत."

तिनं जानरावकडं पाहिलं. जानराव उठला, चार पावलं खाली आला आणि तिच्यासमोर भलं मोठं तोंड उघडून उभा राहिला.

"पाह्य वयनी. नीट पाह्य."

जीभ गुलाबी होती. कडेपर्यंत गुलाबी.

पण सुरई दोन पेले कमी भरत होती, कोणीतरी पीत होतं. तिनं पुढच्याकडं पाहिलं. मग त्याच्या पुढच्याकडं. एकेक जण उजेडाकडं तोंड करून जीभ काढत होता. पंचांनीही काढल्या, खुशालरावांनीही; पोरांचा खेळ चालल्यासारखे लोक आता हसायला लागले होते. एकवीस जिभा झाल्या. सगळ्या स्वच्छ.

"सहदेव," खुशालराव मायेनं म्हणाले, "तू तेवढा राहिला. दाखव, म्हंजे सुटले तुमी."

दुपारपासून नवरा आपल्याशी एक शब्दही बोललेला नाही, हे सुभद्राच्या तेव्हा ध्यानात आलं.

सहदेवनं दुपट्टा तोंडावर आणखी ओढला आणि नुसती मान हलवली.