टाळी न वाजवणारा माणूस

"आजपासूनच?" त्याने विचारलं.

काचेच्या केबिनमध्ये समोर बसलेल्या व्यवस्थापकाने मान डोलावली.

"म्हणजे उद्याच्या अंतिम सामन्याला मी तुमचा माणूस नाही."

"नाही. पासही परत द्यावा लागेल."

त्याने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला आणि मनापासून आभार मानले. उभी हयात खेळाच्या बातम्या लिहिण्यात घालवलेला माणूस नोकरी गेल्यावर आभार मानतो म्हणजे त्याला जबर धक्का बसलाय, असं व्यवस्थापकाने ठरवलं आणि घाईघाईने पाणी मागवलं.

हे संकेतस्थळ तोट्यात होतं, असं कुणी समजू नये. सकाळीच विक्रमी नफ्याचा केक कापला गेला होता. दुपारी क्रीडा विभागातल्या जुन्याजाणत्यांना एकेक करून आत बोलावलं गेलं. वाचकाला आता अनुभव नको, वेग हवा, असं वरच्यांचं म्हणणं. फुटबॉलमधलं ऑफसाइड कशाशी खातात हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. केकचा तुकडा मात्र त्यांनी प्रत्येकाला आठवणीने दिला होता.

विभागात त्याला सगळे 'पंच' म्हणत. पत्रकार कक्षात टाळी वाजवायची नाही, हा या धंद्याचा जुना नियम त्याने जन्मभर पाळला. एका गोलच्या वेळी शेजारच्या उपसंपादिकेचे हात नुसते वर उचलले गेले, तर त्याने तिला तिथल्या तिथे झापलं होतं. टाळ्या वाजवायला प्रेक्षक आहेत, आपण बघायचं आणि लिहायचं.

उपसंपादिकेने ते मनावर घेतलं नाही. तिला तो आवडायचा. फक्त एका बाबतीत तिचं त्याच्याशी कधी पटलं नाही, ते म्हणजे निळ्या संघाची गोलकीपर.

त्या पोरीशी पंचांचा काय दावा होता, देव जाणे. तिचा सामना असला की बातमी ते दुसऱ्याला लिहायला लावत आणि आलेल्या बातमीतून तिचं कौतुक वेचून काढत. 'अफाट' गेलं, 'चित्त्यासारखी' गेलं, उरलं ते एवढंच की तिने चेंडू अडवला. ती आडनाव न लावता आईचं नाव लावते, यावर उपसंपादिकेने मेहनतीने लेख लिहिला होता. तो त्यांनी न वाचताच बाजूला ठेवला. वाचकही चिडून लिहीत की तुमच्या माणसाला ही मुलगी बघवत नाही. ते वाचून पंच पुढच्या बातमीकडे वळत.

आणि हाच माणूस घरी मेणाहून मऊ होता. त्याच्या पायाचा अंगठा बारमाही सुजलेला. कुणी विचारलं, तर म्हणायचा, रोज सकाळी छकुलीशी खेळतो ना. फोनवरही छकुली जेवली का, छकुली झोपली का, हेच. उशिरा झालेलं मूल दिसतंय, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

म्हणून संध्याकाळी निरोप देताना विभागाने छकुलीसाठी रंगांची पेटी आणली. पंच पेटीकडे बघत राहिले. मग त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. उपसंपादिकेला मात्र रडू आवरेना. या वयात लहान लेक पदरात घेऊन हा माणूस आता कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी ती पत्रकार कक्षात बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. सामना सुरू झाला आणि निळ्या संघाच्या गोलमागच्या स्टँडमधून असा काही आरडाओरडा उठला की सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

पहिल्याच रांगेत पंच उभे होते. साध्या तिकिटावर, बायकोला घेऊन आलेले. दोन्ही गालांवर निळे पट्टे. हे निळे पट्टे कालच्या पेटीतले, हे तिने लगेच ओळखलं. लेकीचे रंग बापाने फासले होते आणि लेकीचा पत्ता नव्हता. बिचारीला घरीच ठेवली असणार.

पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत होते आणि घसा फाटेपर्यंत ओरडत होते, तेही त्या गोलकीपरच्या नावाने. ज्या पोरीला त्यांनी कधी एक विशेषण मिळू दिलं नाही, तिच्या नावाने. नोकरीच्या धक्क्याने डोक्यावर परिणाम झाला, याबद्दल आता तिला शंका उरली नाही.

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. गोलकीपर डावीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या हातमोज्यांत येऊन विसावला. मैदान दणाणलं. पत्रकार कक्षात नियमाप्रमाणे शांतता होती. उपसंपादिका हातांवर बसली होती.

शिट्टी वाजली, निळा संघ जिंकला. बक्षिसाची वाट न बघता गोलकीपर गोलमागच्या कुंपणाकडे निघाली, थेट पंचांच्या दिशेने. उपसंपादिकेला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर जुना हिशेब चुकता करणार. पंचांना सावरायला ती जिने उतरून धावतच खाली पोचली.

पंचांचा आवाज पार बसला होता. गालावरचा निळा रंग ओघळून सदऱ्यावर आला होता. गोलकीपरने हातमोजे काढून पंचांच्या बायकोच्या हातात दिले आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "जरा हळू ओरडा ना, पेनल्टीच्या वेळी माझं लक्षच लागत नव्हतं."