उभ्या काड्या

"आई, हा सेट घे. स्वस्त आहे, भातही हवा तेवढा मिळतो," लेक म्हणाला. ट्रेमध्ये भाजलेला मासा, सूप, लोणचं, भात. त्यानं जपानी रीतीनं हात जोडले आणि जेवायला लागला. टोकियोत आल्यापासून आज प्रथमच माझं पोट भरत होतं.

सूप प्यायला हात मोकळे हवेत, म्हणून मी जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

लेकानं त्या झटकन उपसल्या. "काय शोभा करतेस, आई! असा भात इथे मेलेल्या माणसापुढे ठेवतात."

मी काड्या घेऊन परत तशाच खोचल्या.

"तुझ्या बाबांच्या दहाव्याला तुला रजा मिळाली नाही. कावळा दुपारपर्यंत शिवला नाही. आत्ता जोड हात."