गाडीची हवा

तुटलेल्या वायरीची दोन टोकं आदिनाथने जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि बायकोला गाडी चालू करायला सांगितलं. अंगणात लिंबाखाली बॉनेट उघडं होतं. दैवशालाने एसीचं बटण दाबलं. टक् असा आवाज आला आणि कॉम्प्रेसर फिरायला लागला. मंठ्याच्या मेकॅनिकला न बोलावता, मोबाइलवर बघून बघून, आदिनाथने दोन दिवसांत हे जमवलं होतं. त्याचा त्याला आनंद झाला. पण त्याच्या पोटात पाच दिवसांपासून एक वेगळंच समाधान मुरत होतं, त्यापुढे हा आनंद काहीच नव्हता.

वायर कुणी कापली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या कडूबाने. गेल्या पोळ्याला गाडी वळवताना कडूबाच्या कुंपणाचे दोन खांब आडवे झाले, तेव्हा पारावर चार माणसांदेखत तो म्हणाला होता, एक दिवस तुझ्या गाडीची हवा काढतो का न्हाई बघ. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

आणि या मे महिन्यात लेक प्रीती जालन्याला बाळंत झाली. पाच दिवसांच्या लेकराला घेऊन गाडी जालन्याबाहेर पडली आणि एसी गरम वारा ओकायला लागला. काचा उघडाव्यात तर झळा. लावाव्यात तर भट्टी. लेकराचं अंग फणफणलं. ते दूध ओढेना. मग त्याने रडणंही सोडलं, तशी आदिनाथने गाडी माघारी फिरवली. तीन दिवस लेकरू काचेच्या पेटीत होतं. दवाखान्याबाहेर आदिनाथने बॉनेट उघडलं, कॉम्प्रेसरची हिरवी वायर दोन तुकडे होऊन लोंबताना पाहिली आणि बॉनेट आपटून बंद केलं. आणखी काही बघायची त्याला गरजच वाटली नाही.

लेकरू वाचलं. ते घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आदिनाथ दाढीचं ब्लेड घेऊन कडूबाच्या मोसंबीच्या बागेत शिरला. कडूबा घरच्यांना घेऊन भाचीच्या लग्नाला भोकरदनला गेला होता. शिवारात चिटपाखरू नव्हतं. आदिनाथने ठिबकच्या नळ्या एका टोकापासून कापायला घेतल्या. घाई केली नाही. प्रत्येक नळी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची आणि ब्लेड एकदाच ओढायचं. नळी तुटताना त्याला लेकराचं मुकं झालेलं तोंड दिसायचं आणि तो पुढच्या नळीकडे वळायचा. चाळीस ओळी झाल्या. मान भाजून निघाली, तरी त्याला थांबावंसं वाटलं नाही.

वीज आली की कडूबाची मोटार आपोआप सुरू व्हायची. पाणी कापांतून वाहून ओळींच्या तोंडाशीच चिखल करायचं आणि आतली झाडं कोरडी राहायची. चार दिवसांत सुपारीएवढ्या मोसंब्यांचा झाडांखाली सडा पडला. आदिनाथ रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो सडा बघून यायचा. त्याला जेवण गोड लागायचं, झोपही छान लागायची. दैवशालाला यातलं काही माहीत नव्हतं.

आता ती गाडीतून वाकून म्हणाली, "अहो, वारा गार हाय, पण लई कमी येऊन राह्यला."

आदिनाथने इंजिन बंद केलं. डाव्या बाजूचा, कागदपत्रं ठेवायचा खण काढून त्याने मागे पंख्याच्या तोंडाशी हात घातला. बोटांना मऊ लागलं. त्याने ओंजळ भरून बाहेर काढली. कापूस, सोयाबीनची टरफलं, सीटच्या चिंध्या आणि मधोमध डोळे न उघडलेली उंदराची चार पिलं. पिलांखाली हिरव्या सालीचे बारीक बारीक तुकडे अंथरलेले होते.

दैवशालाला हसू आलं. आदिनाथ मात्र ते घरटं तसंच हातात धरून बॉनेटकडे गेला. एका हाताने त्याने टेप सोडली. वायरीच्या दोन्ही टोकांवर बारीक दातांच्या खुणा होत्या. दोन दिवस हीच वायर त्याच्या हातात होती.

"लेकरू कसं हाय?"

फाटकाशी कडूबा उभा होता. सकाळीच तो गावी परतला होता. लेकराचं दुखणं त्याला लग्नात कळलं, असं त्याने दैवशालाला सांगितलं. लेकरू आता दूध घेतं, आत निजलंय, असं ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला घरात गेली.

कडूबा जवळ आला. आदिनाथच्या हातात काय आहे ते त्याने वाकून पाहिलं.

"वायर उंदरांनी खाल्ली, नाना," आदिनाथ म्हणाला. पोळ्यापासून तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

कडूबाने खांद्यावरच्या रुमालाने मान पुसली. दैवशाला तांब्या घेऊन दारात आलेली दिसली, तसा त्याने आवाज खाली आणला.

"पोलीस पाटील आल्ता आत्ता बागेत. नळ्या पाहून त्यानं तुझं नाव घेतलं. ब्लेडचा काप मलाबी वळखू येतो, आदिनाथ. पण तुझ्या घरी बारसं व्हायचंय. मंग मीबी त्याला उंदरंच सांगितली."