तांदळातलं नाव

ताटातल्या तांदळावर निहारने अंगठीने ‘मे’ काढला आणि क्षिप्राने त्याचं मनगट धरलं.

“मेधा कशाला, आई? क्षिप्रा आहे ना माझं नाव.”

कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये साठ पाहुणे. त्यांतले निम्मे श्रीखंडाकडे डोळे लावून बसलेले, तेही वळले. एरवी बँकेत ऑडिट करणारे गुरुजी मंत्र अर्ध्यावर टाकून बघत राहिले.

अरुणाताई हसल्या. सासूने चारचौघांत हसावं, तेवढंच. “अगं, कागदावर नाही गं बदलायचं. घरात हाक मारायला फक्त.”

क्षिप्रा क्लेमेंटीला, विद्यापीठाजवळ, खोली घेऊन एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सुधारक बायांवर प्रबंध लिहीत होती. अशी सून केली की बोहल्यावर तळटीप येणारच.

“पावणेदोनशे वर्षं होत आली, आई. गुलामगिरीविरुद्ध सभा गाजवणारी एक बाई तिकडे लग्नाला उभी राहिली, आणि आपलं नाव सोडणार नाही म्हणाली. मालक बदलला की गुलामाचं नाव बदलतं, हे या बायांनी पाहिलं होतं. मी कोणाची गुलाम नाही.”

टाळ्या पडल्या. तिथल्या लग्न झालेल्या बायकांत नाव न बदललेल्या चारच होत्या. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

“बरं, दिवसातून एकदाच मारीन हाक,” अरुणाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. “तू ओ नाही दिलीस तरी चालेल.”

“आई, प्लीज,” क्षिप्रा म्हणाली.

निहारने तळव्याने तांदूळ सारखे केले. “सुटलो! व्हिसा-पासचे फॉर्म पुन्हा भरायला नकोत,” तो म्हणाला. सगळे हसले, आणि पंगत बसायच्या आत निकाल खोलीभर झाला: सून शहाणी, सासू जुनाट.

निहारचे बाबा दिलीपराव श्रीखंडाची वाटी घेऊन बायकोपाशी आले. लग्नाला छत्तीस वर्षं झालेला माणूस. समजूत घालायला आला तरी खात खातच आला.

“लोकांसमोर शोभा करून घेतलीस ना? त्या पोरीचं काय चुकलं? आणि मेधा तरी कुठून काढलंस? आपल्या घरात नव्हतं कोणी मेधा.”

अरुणाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मी होते की, अहो. तुम्ही तांदळात ‘अरुणा’ लिहीपर्यंत.”