अंगठ्याचं मलम

आठ दिवसांपासून अंकुश रोज संध्याकाळी आईचा हात मांडीवर घेऊन बसायचा. कोमट पाण्यात बुडवायचा, पुसायचा, मग मलम चोळायचा. जन्मभर धानाच्या बांधीत राबून पार्वताबाईच्या बोटांवरच्या रेषासुद्धा झिजल्या होत्या. पोराची माया पाहून तिचे डोळे भरून येत.

"बाबू, पायालेही लाव ना थोडं. टाचा उलल्या, रक्त येऊन राहिलं."

"पायाचं मंग पाहू, माय."

नवव्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसातल्या मशीननं तिचा अंगठा पहिल्याच दमात घेतला. मागच्या महिन्यात तीनदा नाकारला होता. शेत अंकुशच्या नावावर झालं.

"आता तं पायाले लाव," लंगडत बाहेर येताना ती म्हणाली.

अंकुशनं खिशातलं उरलेलं मलम कचऱ्यात टाकलं.

"आता कायले, माय?"