डुगडुगणारा फ्रीज

"या प्रथिनाचे स्फटिक तुझ्या हातून व्हायचे नाहीत. नाद सोड," असं माझ्या जुन्या गाईडनी पत्रात लिहिलं होतं. मला ते पटलंही, पण नाद सुटला नाही. पत्र खिशात घेऊन फिरत राहिलो, इतकंच.

एकदा लॅबमधल्या बाई वैतागल्या. "अहो, फ्रीज असा डुगडुगला तर आतल्या प्रथिनाच्या थेंबात स्फटिक कसले धरतायत? पायाखाली काहीतरी सरकवा की!" खिशात हाताला लागलेला कागद चार घड्या घालून सरकवला.

आठ महिन्यांनी सुईच्या टोकाएवढा स्फटिक मिळाला. सिंक्रोट्रॉन नावाच्या महायंत्राच्या प्रखर क्ष-किरणांत धरताच पडदा ठिपक्यांनी भरला आणि प्रथिनाची रचना उलगडली.

आज ती रचना छापून, सोबत दोन ओळी लिहून टपालात टाकली:


"सर, तुमच्या पत्राचा फार आधार झाला. फ्रीजला."